थिओडोर: लंडनला आलेल्या पहिल्या काळ्या गेंड्याचं प्रकरण

११ सप्टेंबर १८६८ रोजी लंडनच्या रीजंट्स पार्कमधल्या प्राणिसंग्रहालयात आफ्रिकेतला एक काळा गेंडा दाखल झाला. नर होता, वयाने लहान. हॅम्बुर्गचा जनावरांचा व्यापारी कार्ल हागेनबेक याच्याकडून तो १,००० पौंडांना विकत घेतला होता. या गेंड्याचं नाव थिओडोर. १८९१ मध्ये मरेपर्यंत तो लंडनमध्येच राहिला. रोमन काळानंतर युरोपात जिवंत पोचलेला हा पहिलाच आफ्रिकी गेंडा मानला जातो.

तेवीस वर्षं जगला म्हणजे प्रयोग यशस्वी झाला, असं तेव्हा धरलं गेलं आणि आजही बरेचजण धरतात. माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. थिओडोर इतकी वर्षं तग धरून राहिला, त्यामुळेच काही प्रश्न कुणाला पडले नाहीत. हा प्राणी खातो काय, त्याला लागतं काय, त्याला जोडीदार हवा का, यातलं काहीच निकडीचं वाटलं नाही. युरोपात काळ्या गेंड्याचं पहिलं पिल्लू जन्मायला १९५६ उजाडावं लागलं. मधली अठ्ठ्याऐंशी वर्षं गेली कुठे, हा या प्रकरणातला खरा प्रश्न आहे.

युरोपला ठाऊक असलेला गेंडा आपल्याकडचा

त्याआधी युरोपच्या मनातला गेंडा म्हणजे एकशिंगी, भारतीय. त्याची सुरुवात गोव्याहून होते. गुजरातचा सुलतान मुझफ्फरशाह याने दिलेला गेंडा पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्कने गोव्याहून पोर्तुगालच्या राजा मानुएलकडे धाडला आणि २० मे १५१५ रोजी तो लिस्बनला उतरला. जर्मन चित्रकार ड्युररने तो डोळ्यांनी पाहिलाही नव्हता. वर्णन आणि रेखाटन हाती आलं, त्यावरून त्याने लाकडी ठसा कोरला. अंगावर चिलखतासारख्या पाट्या, खांद्यावर एक जादा छोटं शिंग. पुढची दोन-अडीचशे वर्षं युरोपचा गेंडा हाच. अठराव्या शतकात डच कप्तान डाऊवे माऊट याने क्लारा नावाची भारतीय मादी सतरा वर्षं गावोगाव फिरवली, तेव्हा कुठे चित्रं सुधारली.

दोन शिंगांचा गेंडा मात्र ऐकीव राहिला. रोमन सम्राट डोमिशियनच्या तांब्याच्या नाण्यांवर तो स्पष्ट दिसतो, आणि त्याने अस्वलाला शिंगांवर उचलून भिरकावल्याचं कवी मार्शलने लिहून ठेवलंय. पण ती आठवण पुसली गेली होती. १७५८ मध्ये स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनेयसने या प्राण्याला शास्त्रीय नाव दिलं आणि राहण्याचं ठिकाण लिहिलं ‘भारत’! ही चूक कागदोपत्री दुरुस्त व्हायला १९११ साल उजाडलं; मग मूळ ठिकाण म्हणून केप ऑफ गुड होपची नोंद झाली. अॅबिसिनियात, म्हणजे आजच्या इथिओपियात, फिरून आलेल्या स्कॉटिश प्रवासी जेम्स ब्रूसने आपल्या प्रवासवर्णनात दोनशिंगी गेंड्याचं चित्र छापलं, तेही फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ ब्यूफाँच्या एकशिंगी गेंड्याचं चित्र उचलून त्यावर दुसरं शिंग चिकटवलेलं. माणूस प्रत्यक्ष जाऊन आला, तरी चित्र मात्र घरातल्या पुस्तकातलंच काढलं!

मग १८६८ आधी कुणी जिवंत गेंडा का आणला नाही? आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, केप वसाहतीत, युरोपीय लोक दोन शतकं राहत होते. पण त्यांनी गेंडे पकडले नाहीत, मारले. वसाहत पसरत गेली तसे तिथले गेंडे संपत गेले. प्राणिसंग्रहालयांना मोठी जनावरं पुरवणारी पहिली खरी वाट निघाली ती दुसऱ्या टोकाला, सुदानातून.

कसला ते लंडन

आजच्या सुदान-इरिट्रिया सीमेवर कसला नावाचं गाव आहे. १८६०च्या दशकात लोरेन्झो कसानोव्हा हा इटालियन तिथे तळ ठोकून जनावरं विकत घ्यायचा. पकडणारे स्थानिक अरब शिकारी. त्यांच्यातल्या हमरान लोकांची ख्याती अशी, की घोड्यावरून पाठलाग करून ते तलवारीने हत्तीच्या मागच्या पायाची शीर कापत. पुढे जगभर गाजलेला जंबो हत्तीही याच मुलखातून पिल्लू असताना उचललेला.

काळ्या गेंड्याचा मोठा नर किंवा मादी टनाच्या आसपास वजनाची असते. ती जिवंत पकडून वाळवंट ओलांडायची सोय तेव्हा कुणाकडेच नव्हती. म्हणून फक्त पिल्लं. आणि गेंड्याची आई पिल्लू सोडून पळत नाही, त्यामुळे पिल्लू मिळवायचं तर आधी आईला मारायचं. हागेनबेकने आपल्या आठवणींत हा प्रकार लपवलेला नाही. थिओडोर १८६८च्या सुरुवातीला कसला भागात पकडला गेला. लंडनच्या लोकांनी पैसे मोजले ते एका गेंड्याचे, पण अशा प्रत्येक पिल्लामागे निदान एक मेलेली मादी हिशेबात धरायला हवी, ती कुठल्याच पावतीवर नसते.

त्याच महिन्यांत शेजारच्या अॅबिसिनियात काय चाललं होतं हेही पाहण्यासारखं आहे. सम्राट थिओडोरने (तिकडचं नाव तेवोद्रोस) काही युरोपीय लोकांना कैदेत टाकलं म्हणून ब्रिटिशांनी फौज पाठवली होती, आणि ती निघाली होती मुंबईहून. सेनापती रॉबर्ट नेपियर मुंबई फौजेचा सरसेनापती. तांबड्या समुद्रावर झुला येथे तळ पडला, तोफा वाहायला ४४ हत्ती हिंदुस्थानातून जहाजाने नेले. १३ एप्रिल १८६८ रोजी सम्राटाचा मगदालाचा गड पडला, सम्राटाने स्वतःवर गोळी झाडून घेतली. त्या वर्षी लंडनच्या वर्तमानपत्रांत थिओडोर हे नाव रोज छापून येत होतं, आणि त्याच मुलखाच्या बाजूने आलेल्या गेंड्याला तेच नाव मिळालं. म्हणजे एकाच वर्षी आपल्याकडचे हत्ती तांबड्या समुद्राच्या त्या किनाऱ्यावर उतरत होते आणि तिथलाच गेंडा उलट्या दिशेने युरोपकडे निघाला होता.

कसल्याहून निघालेला जनावरांचा काफिला वाळवंटातून सुआकिन बंदराला पोचायला पाच-सहा आठवडे घ्यायचा. उन्हामुळे चाल रात्रीची. पाणी कातडी पखालींतून उंटांवर. सुआकिनहून आगबोटीने सुएझ. कालवा अजून सुरू झालेला नव्हता, तो १८६९च्या नोव्हेंबरात उघडला. म्हणून सुएझ ते अलेक्झांड्रिया आगगाडी, तिथून जहाजाने ट्रिएस्ट, आणि पुन्हा आगगाडीने आल्प्स ओलांडून व्हिएन्नामार्गे हॅम्बुर्ग. त्या वर्षांतला हा ठरलेला रस्ता.

१८७० साली कसानोव्हाने आणलेल्या काफिल्याचं वर्णन हागेनबेकने केलंय. चौदा जिराफ, सव्वीस शहामृगं, हत्ती, सिंहाचे बछडे, तरस, माकडांच्या आणि पक्ष्यांच्या पेट्या, एक गेंडा. कसानोव्हा सुएझला अंथरुणाला खिळलेला होता, अलेक्झांड्रियात जनावरं जहाजावर चढत असताना तो गेला. या काफिल्यात आणखी एक गोष्ट होती जिच्याकडे कुणी फारसं बघत नाही: सत्तरेक दुभत्या शेळ्या.

या शेळ्या पिल्लांसाठी. दूधपित्या गेंड्याला, हत्तीला, जिराफाला एकच दूध. दुसरा पर्यायही नव्हता म्हणा. आज आपल्याला ठाऊक आहे की काळ्या गेंड्याच्या मादीच्या दुधात स्निग्धांश जवळजवळ नसतोच, टक्क्याच्या काही दशांशात. साखर मात्र भरपूर. शेळीच्या दुधात चार टक्क्यांच्या आसपास स्निग्धांश. आपल्या घरी साय काढलेल्या दुधाला आपण पाणचट म्हणतो, गेंड्याच्या पिल्लाचं पोट त्याच्याहूनही पातळ दुधासाठी बनलेलं. असं पिल्लू दाट दुधावर ठेवलं की पोट बिघडतं, हगवण लागते, आणि वाळवंटात पिल्लाला हगवण म्हणजे शेवटच. वाटेत बरीच जनावरं मरत. जी हॅम्बुर्गला पोचत ती मुळातच चिवट निघालेली. थिओडोर अशांपैकी एक होता, आणि त्याच्या तेवीस वर्षांचं अर्धं स्पष्टीकरण मला इथेच सापडतं.

रीजंट्स पार्कात

लंडनचा प्राणिसंग्रहालय-अधीक्षक तेव्हा अब्राहम डी बार्टलेट. १८५९ पासून १८९७ पर्यंत त्याने हे काम केलं, म्हणजे थिओडोरचं सबंध आयुष्य त्याच्या कारकिर्दीत बसतं. प्राणिसंग्रहालय चालवणाऱ्या संस्थेचा सचिव फिलिप स्क्लेटर, पक्ष्यांचा जाणकार. स्क्लेटरला गेंड्यांच्या जातींचा गुंता सोडवायचा होता. आफ्रिकेत फिरणारे शिकारी शिंगांच्या लांबीवरून दोन-तीन ‘जाती’ सांगत, मागचं शिंग पुढच्याइतकं लांब असलं की ती वेगळी जात. जिवंत नमुने समोर असले की असल्या दाव्यांची शहानिशा करता येते. १८७६ मध्ये त्याने प्राणिसंग्रहालयात असलेल्या आणि नुकत्याच होऊन गेलेल्या गेंड्यांवर सविस्तर निबंध छापला, त्यात थिओडोर आहे. शिंगांची लांबी एकाच जातीत जनावरागणिक बदलते, हे पुढे सर्वमान्य झालं.

याच सुमारास, १८६८-६९ मध्ये, हत्ती आणि गेंड्यांसाठी नवी पक्की इमारत उभी राहिली, वास्तुकार धाकटा अँथनी सॅल्विन. जाड लोखंडी गज, आत खोल्या, बाहेर अंगण. दणकट म्हणावी अशीच. पण काळा गेंडा काटेरी झुडपांत राहणारा प्राणी. त्याचा वरचा ओठ टोकदार, बोटासारखा लवचिक, फांदी धरून ओढायला. गवत तो फार कमी खातो. बाभळीसारखी झाडं, झुडपांचे शेंडे, डहाळ्या हे त्याचं जेवण. एकोणिसाव्या शतकातल्या प्राणिसंग्रहालयात गेंड्यापुढे पडायचं ते सुकं गवत, पेंढा, क्लोव्हर, कोंडा, तांदूळ. भारतीय गेंड्याला हे चालत होतं, तो गवत खाणाराच आहे. मग काळ्यालाही तेच. त्याच्या ओठाकडे पाहून कुणीतरी डहाळ्या टाकून बघायला हव्या होत्या. एवढं निरीक्षण बार्टलेटसारख्या माणसाच्या आवाक्याबाहेरचं खासच नव्हतं.

आणि इथे तुलना करायला साधन आहे. त्याच इमारतीत जिम नावाचा भारतीय गेंडा होता. तो १८६४ मध्ये आला आणि १९०४ मध्ये गेला. चाळीस वर्षं! थिओडोर त्याच्यानंतर चार वर्षांनी आला आणि त्याच्याआधी तेरा वर्षं गेला. आज चांगल्या व्यवस्थेत काळे गेंडे चाळिशीपर्यंत, क्वचित तिच्याही पुढे जगतात. म्हणजे थिओडोर मेला तो म्हातारपणाने नव्हे, असं म्हणायला जागा आहे. एकाच प्राण्यावरून निष्कर्ष काढू नये हे खरं. पण त्या काळी निष्कर्ष काढला गेला तोही त्या एकाच प्राण्यावरून, आणि उलटा.

अठ्ठ्याऐंशी वर्षं

लंडनची त्या वर्षांतली खरेदी पाहिली की सगळं उलगडतं. १८६५ मध्ये जंबो हत्ती पॅरिसहून लंडनला आला तो अदलाबदलीत, आणि लंडनने त्या बदल्यात जे दिलं त्यात एक भारतीय गेंडा होता. १८६८ मध्ये काळा गेंडा. १८७२ मध्ये चितगावकडे सापडलेली बेगम नावाची सुमात्रा जातीची मादी, १,२५० पौंडांना. १८७४ मध्ये जावाचा गेंडा. जगातल्या पाच जातींपैकी चार दहा वर्षांच्या आत एका आवारात. शाळकरी पोर तिकिटं जमवतं तसा हा खेळ: एका देशाचं एक तिकीट मिळालं की दुसरं कशाला? उरलेली पाचवी जात, आफ्रिकेचा पांढरा गेंडा, युरोपात आली थेट १९५० मध्ये, अँटवर्पला.

असल्या जमवाजमवीत जोडी लावणं हे उद्दिष्टच नसतं. लंडनने घेतला तो एक नर. दुसरा गेंडा मिळाला तर शेजारच्या शहराला विकायचा, कारण तिथल्या लोकांनी अजून पाहिलेला नाही. व्यापाऱ्यालाही हेच परवडतं. पिल्लं मागवली की येतात, मग पैदास करायची कोणी आणि कशाला? पदरी पडलं ते पवित्र झालं, इतकाच विचार.

ती मागवली की येणारी पिल्लंही नंतर यायची थांबली. १८८१ मध्ये सुदानात महदी या धर्मनेत्याचं बंड उसळलं, १८८५ मध्ये कसला बंडखोरांच्या हाती गेलं, आणि जनावरांचा तो रस्ताच बंद झाला. हागेनबेकची माणसं सोमाली किनाऱ्याकडे सरकली. गेंड्यांचा पुरवठा नव्याने सुरू झाला तो विसाव्या शतकाच्या तोंडावर, जर्मन आणि ब्रिटिश पूर्व आफ्रिकेतून. निशाचर प्राण्यांचे फोटो काढणारा कार्ल गेओर्ग शिलिंग्ज याने १९०३ मध्ये एक पिल्लू बर्लिनला सुखरूप आणलं, त्याआधी त्याच्या हाती आलेली पिल्लं दगावली होती. या पिल्लाबरोबर सोबतीला शेळी होती, दुधासाठी नव्हे तर संगतीसाठी. एकटं पडलेलं गेंड्याचं पिल्लू खाणं सोडतं हे ज्याने ओळखलं, त्याने काहीतरी शिकलं असं म्हणावं लागेल. पण तेही आलं एकटंच.

पुढे जिथे नर-मादी दोन्ही होते तिथेही अडचण होती. काळ्या गेंड्याचा शृंगार म्हणजे मारामारी. मादी नरावर धावून जाते, शिंगांनी ढोसते, दोघांच्या अंगावर जखमा होतात. हे पाहिल्यावर कुठल्याही रखवालदाराच्या पोटात गोळा येणार आणि तो मधलं दार बंद करणार. ही भांडणं समागमाआधीची असतात आणि ती थोडी चालू द्यावी लागतात, हे समजायला धीर हवा, मोठं अंगण हवं, आणि मादी माजावर कधी येते याची नोंद हवी. या तिन्ही गोष्टी लोखंडी गजांच्या जुन्या इमारतींत नव्हत्या. मादी गाभण राहिली तरी पंधरा महिने थांबायचं.

माणसाच्या हाताखालचं पहिलं काळं पिल्लू १९४१ मध्ये अमेरिकेत, शिकागोजवळच्या ब्रुकफिल्ड प्राणिसंग्रहालयात जन्मलं. युरोपातलं पहिलं १९५६ मध्ये, फ्रँकफुर्टला. तिथला संचालक बर्नहार्ड ग्झिमेक, सेरेंगेटीसाठी झटणारा तोच. त्याच वर्षी सप्टेंबरात बासेलला भारतीय गेंड्याचं पिल्लू जन्मलं होतं, आईबाप आसामचे. दोन्ही जातींत एकाच वर्षी यश यावं हा योगायोग वाटत नाही. युद्धानंतर केनिया-टांझानियात ट्रकवरून फास टाकून थोडी मोठी, दूध सुटलेली जनावरं पकडता येऊ लागली होती. ती आईला न मारताही मिळत, प्रवासात कमी मरत, आणि प्राणिसंग्रहालयं आता ती जोडीने मागवू लागली. १९५८ मध्ये ब्रिस्टललाही पिल्लू झालं. ब्रिटनमधलं हे पहिलं, थिओडोर लंडनला उतरल्यानंतर नव्वद वर्षांनी.

नंतरचा हिशेब

आहाराचं देणं मात्र पुढच्या पिढ्यांना फेडावं लागलं. काळ्या गेंड्यांत रक्तपेशी अचानक फुटून होणारा पंडुरोग, तोंडात-कातडीवर व्रण, शरीरात लोह साचणं, असे आजार प्राणिसंग्रहालयांत पुन्हा पुन्हा दिसले. गवत खाणाऱ्या पांढऱ्या गेंड्याला हा त्रास इतका होत नाही. शंका जाते ती खाण्यावर. झुडपांच्या पाल्यातली टॅनिनं, म्हणजे तुरट द्रव्यं, लोह बांधून ठेवतात. गोळीखाद्यात आणि कापून वाळवलेल्या चाऱ्यात ती नसतात, लोह मात्र भरपूर. आता युरोपातली चांगली प्राणिसंग्रहालयं हिवाळ्यासाठीसुद्धा डहाळ्या साठवतात. थिओडोरच्या ओठाने ही गोष्ट पहिल्याच दिवशी सांगितली होती.

इतक्या उशिरा आलेल्या पैदाशीला अर्थ आला तो आफ्रिकेतल्या कत्तलीमुळे. १९७०च्या सुमारास ६५,००० च्या घरात असलेले काळे गेंडे नव्वदीच्या मध्यात अडीच हजारांच्याही खाली आले. शिंगासाठी. आता संख्या सहा हजारांच्या वर गेली आहे. चेक देशातलं द्वूर क्रालोव्हेचं प्राणिसंग्रहालय हे आफ्रिकेबाहेर काळ्या गेंड्यांची सर्वाधिक पैदास करणाऱ्या ठिकाणांपैकी एक. तिथून २००९ मध्ये तीन गेंडे टांझानियाच्या म्कोमाझी राष्ट्रीय उद्यानात गेले. जून २०१९ मध्ये युरोपात जन्मलेले पाच रवांडाच्या अकागेरा राष्ट्रीय उद्यानात पोचले: तीन द्वूर क्रालोव्हेचे, एक डेन्मार्कचा, एक इंग्लंडची. आधी कुंपणात ठेवून त्यांना तिथल्या झाडपाल्याची सवय लावली, त्सेत्से माशीपासून होणाऱ्या रोगावर लक्ष ठेवलं, मग हळूहळू मोठ्या जागेत सोडलं.

हे पाचही पूर्व आफ्रिकी उपजातीचे. त्यांचे पूर्वज केनिया-टांझानियाकडून विसाव्या शतकात आणलेले. थिओडोर ज्या ईशान्य आफ्रिकी गेंड्यांतला होता, ब्रूसच्या नावाने ओळखली जाणारी ती उपजात आता नामशेष झाली आहे. एकोणिसाव्या शतकात कसल्याच्या रस्त्याने युरोपात आलेल्या गेंड्यांपैकी एकाचाही वंश कुठल्या प्राणिसंग्रहालयात उरला नाही.